रुळाच्या कडेकडेने

आजोबांच्या तोंडून मी लहानपणी ट्रामच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या, की हा माणूस तरुणपणी ट्राममध्ये जवळजवळ बसलाच नव्हता, हे मला फार उशिरा कळले. कळले तेही हिशेबातून. एका सुट्टीत माळा आवरताना त्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि तिच्यात जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. १९१७ सालच्या वहीत खानावळ होती, खोलीच्या भाड्यातला वाटा होता, गावी पाठवलेली मनीऑर्डर होती, न्हावी होता, तपकीर होती, ‘चप्पल शिवणे’ हेसुद्धा तारखेनिशी होते. ट्राम मात्र सबंध वर्षात चार वेळा. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, “आजोबा, तुम्ही तर रोज ट्रामबद्दल सांगता?” त्यांनी चष्मा वर केला, वही पाहिली आणि म्हणाले, “आत बसलं की आणा पडायचा. बघायला काय पडतं?”

गिरगावातल्या एका छापखान्यात ते जुळारी होते, म्हणजे दिवसभर उभे राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याचे काम. पगार महिना पंधरा रुपये. जाताना एक आणा आणि येताना एक आणा असे महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर बावन्न आणे, म्हणजे सव्वातीन रुपये होतात. पगाराचा पाचवा हिस्सा केवळ चाकांवर घालवणे त्यांना परवडणारे नव्हते. जुन्या मुंबईच्या आठवणींत ‘एका आण्यात अख्खी मुंबई’ हे वाक्य हमखास येते आणि ते वाचताना तो आणा आपल्याला फुकटच वाटू लागतो. पण आणा ज्याच्या वहीत लिहिला जात असे, त्याला तो फुकट वाटत नव्हता. ट्रामच्या मागे, पुढे आणि बाजूने पायी चालणारे शहर ट्रामच्या आतल्या शहराहून कितीतरी मोठे होते आणि माझ्या घरात ट्राम आली ती त्या पायी चालणाऱ्या शहराकडून.

आजोबा १९१५ साली बोटीने मुंबईला आले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. वळकटी, एक पेटी आणि ठाकूरद्वारच्या चाळीचा पत्ता एवढेच त्यांच्याजवळ होते. गावातल्या एका जाणत्या माणसाने निघताना सांगितले होते, “धक्क्यावरून बाहेर पड, क्रॉफर्ड मार्केट विचार आणि तिथून रूळ धर. रुळाच्या कडेकडेनं चालत राहा, गिरगाव येईल.” नवख्या माणसाला मुंबईत वाट सांगण्याची ही रीतच होती म्हणे, आणि विचार केला तर ती फार शहाणपणाची होती. गल्ल्यांची नावे ऐकून समजत नसत, पाट्या वाचता येतीलच असे नसे आणि ज्याला विचारावे तो गुजराती, कच्छी, उर्दू यांपैकी कशात उत्तर देईल याचा नेम नसे. रूळ मात्र जमिनीवर चकचकत पडलेला असे आणि त्याला विचारायला भाषा लागत नसे.

अडचण एवढीच, की रूळ फुटतात. सांगणाऱ्याने हे सांगितले नव्हते. क्रॉफर्ड मार्केटजवळ रूळ दोन बाजूंना गेले तेव्हा आजोबांनी जो अधिक झिजलेला दिसला तो धरला, कारण गावाकडे अधिक मळलेली वाट ही बरोबर वाट असते. तासाभराने ते पायधुणीला पोचले. मुंबई बेटांची होती तेव्हा खाडीच्या चिखलातून आलेली माणसे जिथे पाय धूत, ती ही जागा, असे तिच्या नावाबद्दल सांगतात. आजोबा तिथल्या फुटपाथवर पेटीवर बसून रडले. एका भिस्त्याने पखालीतले पाणी त्यांच्या ओंजळीत सोडले आणि आल्या वाटेने परत जायला सांगितले. हा प्रसंग ते आम्हा नातवंडांना सांगत तेव्हा रडल्याचा भाग गाळीत. तो आजीने सांगितला.

त्यांनी धरलेला तो चुकीचा रूळ खरे तर मुंबईतला सर्वांत जुना होता. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, आणि दुसरी बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे होते आणि सुरुवातीला तिकिटे नव्हतीच. पैसे द्यायचे आणि बसायचे. लोक पैसे न देताच बसू लागले तेव्हा तिकिटे आली. भाडेही पुढे उतरत गेले. स्टर्न्स आणि किट्रेज या अमेरिकन मंडळींच्या कुलाब्याच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असे म्हणतात. नऊशे घोड्यांचा दाणा, वैरण, नालबंद आणि लीद हा व्याप डोळ्यांसमोर आणला, की विजेची ट्राम लोकांना स्वच्छ का वाटली असेल ते कळते.

विजेची ट्राम मुंबईला उशिरा आली. मद्रासला ती १८९५ सालीच धावू लागली होती, कलकत्त्याला १९०२ मध्ये. मुंबईत १९०५ साली नवी कंपनी उभी राहिली. तिचे काम दुहेरी होते: शहराला वीज विकणे आणि ट्राम चालवणे. म्हणून नावही जोडीचे पडले, ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’. बेस्ट या नावातला ‘टी’ मुळात ट्रामचा. १९४७ मध्ये कंपनी महापालिकेकडे आली तेव्हा तो ‘ट्रान्सपोर्ट’चा झाला. ७ मे १९०७ च्या संध्याकाळी विजेची पहिली ट्राम महापालिकेच्या इमारतीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. अंतर इतके थोडे, की आजोबांच्या शब्दांत सांगायचे तर, “चालत गेला असता तर आधी पोचला असता.” (नाशिककरांनी इथे खाकरून आठवण करून द्यावी, की स्टेशनापासून गावापर्यंत त्यांच्याकडे १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती. ती तीसच्या दशकाच्या आरंभी बंद पडली. पुण्याला ट्राम कधीच नव्हती, आणि त्याची खंत एकाही पुणेकराच्या तोंडून मी ऐकलेली नाही.)

ट्राम आली तो रस्ता कसा होता, हे आज समजावून सांगणे कठीण आहे, कारण रस्ता या शब्दाचा अर्थच बदलला आहे. आज रस्ता म्हणजे कुठून तरी कुठे तरी जाण्याची जागा. आजोबांच्या रस्त्यावर लोक जातही असत, पण मुख्यतः असत. गिरगावच्या रस्त्यावर पहाटे भिस्ती पखालींनी पाणी शिंपून धूळ बसवीत. मग दुधाच्या घागरी, भाजीच्या पाट्या, पावाच्या टोपल्या. साडेनऊच्या सुमारास डोईवर लांबट फळ्या घेतलेले डबेवाले. व्हिक्टोरिया गाड्या नाक्यावर घोड्यांच्या तोंडाला चंदीचे तोबरे बांधून उभ्या असत. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनकडे जाणाऱ्या कापसाच्या बैलगाड्या गासड्यांनी इतक्या फुगलेल्या असत, की मागून पाहणाऱ्याला गाडी न दिसता नुसता चालता ढीग दिसे. दुपारी गाडीवान गाडीच्याच सावलीत झोपे. मुले विटीदांडू रस्त्यातच खेळत, कारण चाळीला अंगण नव्हते. रस्ता हेच चाळीचे अंगण होते. बाजल्यावर वाळवण रस्त्याकडेला, लग्नाचा मांडव अर्ध्या रस्त्यावर, आणि केशवजी नाईकांच्या चाळीने १८९३ पासून घालून दिलेल्या पायंड्याने गणपतीही रस्त्यावर.

संध्याकाळी शिडी खांद्याला लावून बत्तीवाला येई. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ पासूनच होते, त्यामुळे आजोबांच्या काळी त्याचे कुणाला अप्रूप नव्हते, पण त्याच्या मागे दोन-चार मुले तरी चालतच. गॅसचा उजेड पिवळा, खांबाभोवती गोल पडलेला, आणि दोन खांबांमध्ये काळोख. त्या काळोखातून आतून उजळलेली ट्राम येई. आजोबा हे वर्णन करताना बोटाने एक आडवी रेघ ओढीत. एक अख्खी खोली दिवे लावून चालली आहे, तिच्यात बाकांवर माणसे बसली आहेत, कुणी पेंगतो आहे, कुणी पुडीतले चणे खातो आहे, आणि आपण बाहेर काळोखात उभे राहून तिकीट न काढता हे सगळे पाहतो आहोत. त्यांनी ट्रामचे जे काही पाहिले ते या अशा क्षणांचे. मी पुढे नाटके पाहू लागलो तेव्हा पिटात बसल्यावर मला नेमके हेच आठवत असे.

अशा रस्त्यावर ट्राम ही एकच वस्तू अशी होती, की जिला बाजूला होता येत नव्हते. बैलगाडी कडेला घेता येते, व्हिक्टोरिया वळवता येते, पाटीवाला तर दोन माणसांच्या मधूनही निघतो. ट्रामच्या ड्रायव्हरच्या हाती पितळी हँडल होते, पायाखाली ठणठण वाजवायची घंटा होती आणि ब्रेक होता. वळवायचे चाक नव्हते, कारण वळायचा प्रश्नच नव्हता. समोर गाय बसली तर तो थांबे. गासड्यांची गाडी रुतली तर थांबे. गाडीवानांना तर रुळावरून चाक नेण्याचीच हौस, कारण काळ्या दगडांच्या ठोकळ्यांवर बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा तिथे बैलांना ओढ कमी पडे. मग मागे घंटा, पुढे गाडीवानाच्या शिव्या, दोन्ही बाजूंनी सल्ले, आणि फुटपाथवर आजोबांसारखे फुकटे प्रेक्षक. दोन घडींनी बैल बाजूला होत, ट्राम निघे, आणि लोक पुन्हा रुळावर येऊन उभे राहत.

ट्राम संथ होती, निवांत होती, तिच्यामुळे शहर निवांत होते, असे आता लिहिले जाते. मला ते पटत नाही. १९०७ च्या गिरगावात ट्राम ही रस्त्यावरची सर्वांत जड आणि रोज येणाऱ्यांत सर्वांत वेगवान वस्तू होती आणि माणसे तिला भीत. निवांतपणा असेल तर तो तिच्या वाटेत बसलेल्या गाईचा होता. पण तिची भीती एका विशिष्ट प्रकारची होती: ती कुठून येणार हे ठरलेले असे. तिचा रस्ता जमिनीवर दोन रेघांनी आखलेला होता, त्या रेघांच्या बाहेर ती येऊच शकत नव्हती, आणि म्हणून रेघांपासून हातभर अंतरावर बसून माणूस खुशाल दाढी करून घेऊ शकत होता. चाळीतल्या आया मुलांना ‘रस्त्यावर जाऊ नका’ असे सांगत नसत. ‘रुळावर जाऊ नका’ असे सांगत. दोन्हींतला फरक मला मोटारी वाढल्यावर कळला. मोटार रस्त्यावर कुठूनही येऊ शकते, त्यामुळे तिने सबंध रस्ताच घेतला.

रुळावरून आजोबांचे एकदा फजितीत निभावले. खाचेचे ते रूळ रस्त्याच्या पातळीतच बसवलेले असत, वर उचललेले नसत. पहिल्या पावसाने त्यांच्यावरची धूळ आणि तेल यांचा ओशट लेप होई आणि पाय ठेवला की सरके. ड्रायव्हरलाही ते ठाऊक असे. चाके घसरू नयेत म्हणून रुळावर रेती सोडण्याची सोय ट्रामला असते. जूनच्या एका सकाळी आजोबा छापखान्यात दुसरीकडून मागवलेल्या खिळ्यांची पेटी डोक्यावर घेऊन निघाले होते. ठाकूरद्वारला रस्ता ओलांडताना उजवा पाय रुळावर पडला आणि ते आडवे झाले. पेटी फुटली. अ, आ, काने, वेलांट्या, जोडाक्षरे सगळी रस्त्यावर. घंटा ठणठणत होती आणि हे गुडघ्यांवर बसून रुळाच्या खाचेतून अनुस्वार वेचीत होते. ट्राम थांबली. शिव्या ऐकाव्या लागतील म्हणून त्यांनी मान वर केली नाही, तर ड्रायव्हर खाली उतरून आला, उकिडवा बसला आणि खिळे वेचू लागला. “वाचता येत होतं का त्याला?” आम्ही विचारायचो. “छे. उलटं अक्षर कुणाला वाचता येतं? पण सगळे वेचलेन.” उलटे अक्षर अर्थातच आजोबांना वाचता येत असे.

त्या दिवसापासून आजोबांनी रुळावर पाय ठेवला नाही. ओलांडताना ते रुळापाशी किंचित थबकत, पाय उचलून पलीकडे टाकीत आणि मग दुसऱ्या रुळापाशी पुन्हा तसेच.

टिळक गेले त्या दिवशी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मात्र त्यांना आपला पाय कुठे पडतो आहे हे दिसले नाही. टिळकांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात प्राण सोडला आणि चौपाटीवर त्यांना अग्नी दिला गेला. पावसात दोन लाखांचा लोटलेला जनसमुदाय हा आकडा सगळीकडे येतो. आजोबांचे सांगणे इतकेच: “रुळावर माणसं होती. ट्राम कुठे गेली होती, कुणास ठाऊक.” पुढच्या वर्षी, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी, इंग्लंडचे युवराज मुंबईला उतरले तेव्हाचा दिवस त्यांना अधिक तपशिलाने आठवे. परळला विलायती कपड्यांची होळी झाली आणि गावात जमावाने ट्राम अडवून उतारूंच्या डोक्यावरच्या विलायती टोप्या ओढून काढल्या. त्या दंगलीत पुढच्या काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसे मेली आणि गांधीजींनी उपोषण केले. आजोबांच्या डोक्यावर काळी टोपी होती, तिचे कापड कुठले हे त्यांना माहीत नव्हते. त्यांनी ती काढून सदऱ्याच्या आत घातली आणि बोळाबोळांतून घर गाठले. एरवी कडेकडेने चाललेला माणूस त्या दिवशी रुळापासून लांब गेला, कारण ट्राममध्ये बसलेल्या माणसाला उठून पळता येत नाही, हे त्याने पाहिले होते.

त्याच सुमारास दुमजली ट्राम आली होती, १९२० च्या सप्टेंबरात. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली. बस पांढरपेशांची आणि ट्राम सर्वांची, असा भेद पहिल्यापासून होता. बस कडेला घेता येत होती, तिला रूळ नको होते, तारा नको होत्या. यापुढची गोष्ट सरळ आहे. रस्त्यावर मोटारी वाढल्या आणि एके काळी जी सगळ्यांत चपळ होती तीच रहदारीतला अडसर ठरली. एकेक मार्ग बंद होत गेला. १९६४ च्या मार्चमध्ये बोरीबंदर ते दादर एवढाच उरला होता.

त्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी आजोबा मला घेऊन बोरीबंदरला गेले. मी नऊ वर्षांचा होतो, ते चौसष्टचे. आम्ही वरच्या मजल्यावर पुढचे बाक धरले. मला ड्रायव्हर पाहायचा होता, तो खाली होता, म्हणून मी थोडा नाराज होतो. ट्राम निघाली ती क्रॉफर्ड मार्केटपासून सरळ, पायधुणीकडे. आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांची नजर समोर नव्हती, खाली फुटपाथवर होती. भायखळा गेले, लालबाग गेले, परळ आले. मी एकसारखे काहीतरी विचारत होतो. ते हूं म्हणत होते. पायधुणीला मात्र त्यांनी मला कोपराने ढोसले आणि एका दुकानाच्या पायरीकडे बोट दाखवले. तिथे एक हमाल पाटीवर डोके टेकून झोपला होता. “इथेच,” ते म्हणाले. मला तेव्हा काही कळले नाही. रडल्याची गोष्ट आजीने नंतर सांगितली.

मंगळवारी रात्री, ३१ मार्चला, दहाच्या सुमारास शेवटची ट्राम त्याच रस्त्याने गेली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. आम्ही नव्हतो, माझी दुसऱ्या दिवशी शाळा होती. दादरला ट्राम जिथे संपे त्या चौकाला लोक टीटी म्हणत, ट्राम टर्मिनस म्हणून, आणि बसचे कंडक्टर अजून तेच ओरडतात. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनची डागडुजी चालली असताना खणलेल्या जागी ट्रामचे रूळ वर आले. मी मुद्दाम पाहायला गेलो. गंजाने तांबडे झालेले, काळ्या दगडांमध्ये घट्ट बसलेले, आणि खाच मातीने बुजलेली.

गिरगावातले रूळ केव्हाच डांबराखाली गेले होते. आजोबा शेवटच्या ट्रामनंतर पुष्कळ वर्षे जगले. रोज संध्याकाळी मी त्यांना हात धरून देवळात नेत असे आणि ठाकूरद्वारला आम्ही रस्ता ओलांडत असू. मोटारी, टॅक्स्या, दुमजली बस. रस्ता पुरा सपाट, काळा, त्याच्यावर एक रेघ नाही. मध्यावर आले की ते किंचित थबकत, पाय उचलत आणि पलीकडे टाकीत. दोन पावलांनी पुन्हा तसेच. मागून हॉर्न वाजत. मी म्हणायचो, “आजोबा, चला ना,” आणि त्यांच्याबरोबर माझाही पाय उचललेला असे.